दुकानातला आळ आणि गरिबाची अब्रू
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



चळवळीच्या अभ्यासवर्गात जमीनधारणेविषयी, कामगार कायद्यांविषयी वा निवडणुकीच्या डावपेचांविषयी बोलले जावे, हे स्वाभाविकच आहे. दुकानातून साबणाची वडी उचलल्याचा आळ आलेल्या बाईविषयी एक संपूर्ण व्याख्यान ठेवावे, हे काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु वस्तीत काम करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला विचारून पाहावे की, रात्री आठ-नऊच्या सुमारास त्याला जे निरोप येतात त्यांतले किती जमीनधारणेविषयी असतात? ‘हिला दुकानात अडकवून ठेवले आहे, लवकर या,’ असा निरोप येतो. कार्यकर्ता चपला पायांत सरकवून धावतो, आणि तेथे पोचल्यावर बहुधा नेमके जे करू नये तेच करतो. एक तर तो दुकानदाराच्या अंगावर जातो. नाही तर हात जोडून म्हणतो, ‘गरीब आहे हो, जाऊ द्या, पुन्हा नाही करणार.’

या दुसऱ्या वाक्यात किती अनर्थ भरला आहे याची त्याला कल्पनाही नसते. ज्या क्षणी तिच्या बाजूचा माणूस ‘पुन्हा नाही करणार’ म्हणतो, त्या क्षणी एकदा केले हे त्याने मान्य केलेले असते. ती बाई घशाला कोरड पडेपर्यंत ‘मी घेतले नाही’ म्हणत असते आणि तिचा कैवारी तिच्या गरिबीचे कारण सांगून तिला चोर ठरवून मोकळा होतो. दारिद्र्याविषयीची ही करुणा दुकानदाराच्या संशयाहून फारशी वेगळी नाही. दोघांचेही गृहीतक एकच असते: गरिबाच्या पिशवीत वस्तू निघाली, म्हणजे ती चोरलेलीच असणार.

प्रसंग कसा घडतो ते नीट पाहिले पाहिजे. समजा, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई पगाराच्या दिवशी शहराच्या नव्या भागातल्या मोठ्या दुकानात शिरते. वाण्याच्या दुकानात वस्तू मागावी लागते आणि वाणी ती काढून देतो. येथे सारा माल हाताशी मांडलेला असतो आणि तो स्वतःच उचलायचा असतो. दाराशी टोपल्या ठेवलेल्या असतात हे तिच्या ध्यानात येत नाही. तेल, चहापत्ती, मुलीसाठी वही, साबण आणि एक केसांची पिन अशा पाच वस्तू घेऊन ती आपल्याच कापडी पिशवीत टाकते. मध्येच फोन येतो, मागे रांग लागलेली असते, काउंटरवरची मुलगी घाई करते. चार वस्तू बाहेर निघतात, पिन तळाशी राहते. किंवा पाचही वस्तूंचे पैसे दिले जातात, पण एका वस्तूवरचा टॅग काढायला काउंटरवरची मुलगी विसरते. दाराशी यंत्र वाजते, आणि शेपन्नास डोळ्यांदेखत तिला मागच्या खोलीत नेले जाते.

या मागच्या खोलीत जे घडते त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. खोलीत एक टेबल असते, भिंतीवर कित्येकदा ‘चोरी करताना आढळल्यास दहापट दंड’ अशी पाटी असते, आणि एक कोरा कागद असतो. व्यवस्थापक बहुधा ओरडत नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणतो, ‘बाई, लिहून द्या, विषय मिटवून टाकू. पोलिसांत गेलात तर घरच्यांना कळेल, कामावर कळेल.’ ती सही करते, किंवा अंगठा उमटवते. दोनशे रुपयांच्या पिनेपोटी दोन हजार देते. आणि विषय मिटला असे समजून घरी येते.

विषय मिटलेला नसतो. या देशाच्या पुराव्याच्या कायद्याने १८७२ पासून पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे. परंतु दुकानाचा व्यवस्थापक पोलिस नव्हे. खाजगी माणसाजवळ दिलेली लेखी कबुली न्यायालयापुढे येऊ शकते. अशी कबुली हा दुबळा पुरावा होय, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. ती धाकाने वा आमिषाने घेतली असेल तर तिचे मोल आणखी उतरते. पण ती उतरवून दाखवण्याचा खटाटोप मग बाईलाच करावा लागतो. पोलिस ठाण्याची भीती घालून जी सही घेतली जाते, ती ठाण्यात घेतली असती तर निरुपयोगी ठरली असती, ही यातली विपरीत गोष्ट होय. म्हणून कार्यकर्त्याने पोचल्याबरोबर एकच गोष्ट मोठ्याने सांगावी: कागदावर काहीही लिहून दिले जाणार नाही, तक्रार असेल तर पोलिसांना बोलवावे.

दहापट दंडाच्या पाटीमागे कायद्याचा काडीचाही आधार नाही. दंड करण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, किराणा मालाच्या साखळीचा नव्हे. आळ घालण्याचा धाक दाखवून कोणाकडून पैसे काढणे याला भारतीय न्याय संहितेत खंडणी असे नाव असून तिचे कलम ३०८ आहे. दुकानाच्या पहारेकऱ्याला कोणाचीही झडती घेण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. पिशवी उघडून दाखवणे हा ग्राहकाच्या संमतीचा भाग आहे, आणि अंगझडती तर दूरच राहिली. अटक झालेल्या स्त्रीची झडतीसुद्धा स्त्रीनेच, सभ्यतेची कसोशीने मर्यादा पाळून घेतली पाहिजे, असे कायदा पोलिसांना बजावतो. तेथे दुकानाच्या नोकराची काय कथा? राहिला प्रश्न अडवून ठेवण्याचा. खाजगी नागरिकाला दुसऱ्यास पकडता येते. पण त्याच्या समक्ष दखलपात्र आणि बिनजामिनी गुन्हा घडला असेल, किंवा तो माणूस फरारी म्हणून जाहीर झालेला असेल, तरच. त्यातही विनाकारण विलंब न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते, अशी मुदत २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने घातली आहे. पोलिसांना बोलवायचे नाही आणि बाईला सोडायचेही नाही, अशी जी मधली अवस्था व्यवस्थापकाला सोयीची वाटते, तिला कायद्यात अन्यायाने कोंडून ठेवणे म्हणतात, आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे.

दाराशी उभा असलेला पहारेकरी हा बहुधा कंत्राटी कामगार असतो. त्याचीही ड्यूटी बारा तासांची असते, आणि मालात तूट निघाली की पहिला जाब त्यालाच विचारला जातो. बाईला हाताला धरून नेणारा हात आणि त्या बाईचा हात एकाच वस्तीतून आलेले असण्याचा संभव पुष्कळ. त्याच्यावर हात टाकून कार्यकर्त्याने काही मिळवले असे होत नाही. उलट त्या भांडणाचे चित्रण कॅमेऱ्यात होते आणि उद्या तेच पुरावा म्हणून पुढे येते.

आता चोरी म्हणजे काय, ते पाहू. सर्वसाधारण समज असा की, वस्तू दुकानाबाहेर नेली तरच चोरी. हा समज या देशाच्या कायद्याप्रमाणे चुकीचा आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३७८, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या न्याय संहितेचे कलम ३०३, यांच्या व्याख्येत दाराचा उंबरठा कोठेच नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, लबाडीने घेण्याच्या इराद्याने हलवली की गुन्हा पूर्ण होतो; मग ती दोन फूट हलवली की दोन मैल, हा प्रश्न उरत नाही. तसेच ‘नंतर पैसे देणारच होते’ हेही मोठेसे उत्तर नाही. अलवरमधल्या कचेरीतील एका अधिकाऱ्याने सरकारी फाइल एका दिवसापुरती बाहेर नेली आणि परत ठेवली. तात्पुरते नेणे हीही चोरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली त्याच्या अपिलात दिला.

म्हणजे बचावाची सारी भिस्त एका शब्दावर येते: लबाडी. वस्तू हलली हे नाकारण्यात अर्थ नसतो, कारण कॅमेऱ्याने ते टिपलेले असते. मन कसे होते, हा खरा वाद आहे. आणि मनाचा पुरावा वागण्यातून मिळतो. तिने वस्तू उघडपणे पिशवीत टाकली की इकडेतिकडे पाहून पदराआड लपवली? बाकीच्या वस्तूंचे पैसे दिले का? जवळ पुरेसे पैसे होते का? यंत्र वाजल्यावर ती थांबली की पळाली? पहिल्या पाच मिनिटांत ती काय बोलली? चोरीनंतर लगेच माल ज्याच्याजवळ सापडतो त्याच्याविरुद्ध न्यायालयाला अनुमान काढता येते, परंतु त्याने संभवनीय खुलासा दिला की ते अनुमान ढासळते. खुलासा निर्विवाद सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर नसते; तो पटण्याजोगा असला म्हणजे पुरे. फक्त तो पहिल्यापासून एकच असावा. खोलीत एक, ठाण्यात दुसरा आणि न्यायालयात तिसरा असे झाले की निर्दोष माणूसही खोटा दिसू लागतो.

असा बचाव कसा उभा राहतो, आणि कोणाचा उभा राहतो, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १७९९ मध्ये बाथ या गावी जेन ली-पेरो नावाच्या पंचावन्न वर्षांच्या एका सधन बाईने कापडचोपडाच्या दुकानातून काळी लेस विकत घेतली. पैसे दिले, पुडके घेतले, बाहेर पडली. अर्ध्या तासाने ती नवऱ्यासह त्याच दुकानावरून जात असता दुकान चालवणारी बाई धावत बाहेर आली आणि पुडक्यात पांढरी लेसही गेली आहे का, असे विचारू लागली. पुडके उघडले, पांढरी लेस निघाली. तिची किंमत वीस शिलिंग. तुमच्याच माणसाच्या हातून चुकून आली असेल, असे ली-पेरोबाईंनी सांगितले. थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली.

त्या काळी इंग्लंडात दुकानातून पाच शिलिंग वा त्याहून अधिक किमतीचा माल चोरण्यास फाशीची शिक्षा होती. १६९९ च्या कायद्याने ती ठरवलेली होती. प्रत्यक्षात पुष्कळांना फाशीऐवजी ऑस्ट्रेलियाच्या काळ्या पाण्यावर धाडीत. खटला उभा राहीपर्यंत या बाईंना इल्चेस्टरच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात सात महिन्यांहून अधिक काळ काढावा लागला, आणि नवराही स्वखुशीने तेथेच राहिला. प्रसिद्ध कादंबरीकार जेन ऑस्टिन ही या गृहस्थांची भाची. मार्च १८०० मध्ये टाँटनला खटला चालला. नवलाची गोष्ट अशी की, चार वकील दिमतीला असूनही त्यांपैकी एकालाही ज्यूरीपुढे बचावाचे भाषण करता येत नव्हते. फौजदारी आरोपीच्या वकिलाला तो अधिकार इंग्लंडात १८३६ साली मिळाला. आरोपीला शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार तर १८९८ पर्यंत सर्वसाधारणपणे नव्हता. बाईंनी स्वतःच उभे राहून निवेदनाला सुरुवात केली. कंठ दाटून आला, आणि एका वकिलाने त्यांचे शब्द मोठ्याने उच्चारून सांगितले.

पण खटला त्या निवेदनाने जिंकला नाही. वकिलांनी दुकानाच्या नोकराची उलटतपासणी घेतली. त्याच दुकानात न घेतलेला माल आपल्याही पुडक्यात निघाला होता, असे सांगणारे ग्राहक साक्षीला आणले. आणि मग पार्लमेंटचे सभासद, धर्मोपदेशक, बाथचे व्यापारी यांनी ओळीने उभे राहून या बाईंच्या सचोटीची ग्वाही दिली. पाव तासही न घालवता ज्यूरीने निर्दोष ठरवले. खर्च दोन हजार पौंडांच्या घरात गेला, असे सांगतात. बाईंनी लेस खरोखरच घेतली होती की दुकानदारांनी पैसे उकळण्यासाठी ती पुडक्यात सारली होती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तो वाद सोडून द्यावा. दोन हजार पौंड नसते, सभासद ओळखीचे नसते, तर याच पुराव्यावर काय झाले असते?

त्याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. १७७१ साली लंडनमध्ये मेरी जोन्स नावाच्या तरुण स्त्रीला दुकानातले कापड उचलल्याबद्दल फाशी देण्यात आले. १७७७ साली विल्यम मेरेडिथ यांनी ही हकीकत पार्लमेंटात सांगितली. नवऱ्याला आरमारासाठी जबरदस्तीने पकडून नेल्यामुळे ती दोन मुलांसह रस्त्यावर आली होती. दुकानदाराने पाहताच तिने कापड परत ठेवले होते, असेही मेरेडिथ यांचे म्हणणे. तिच्या बाजूने ग्वाही देणारे पार्लमेंटचे सभासद नव्हते. होते ते अंगावरचे मूल. १८१० साली सॅम्युएल रॉमिली यांनी पाच शिलिंगांच्या चोरीसाठी फाशी रद्द करण्याचे विधेयक आणले. खालच्या सभागृहाने ते संमत केले, उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. विरोधात मत देणाऱ्यांत कँटरबरीच्या आर्चबिशपसह सात धर्माधिकारी होते. दुकानांतल्या मालाची सुरक्षितता धोक्यात येईल, हा मुख्य न्यायाधीश एलेनबरो यांचा युक्तिवाद.

हाच वर्ग हिंदुस्थानात राज्य करीत होता, तेव्हा येथे त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. इंग्लंडात निदान एकेका माणसावर आरोप ठेवून खटला चालवावा लागे. येथे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पुऱ्या जमातींवरच शिक्का मारला. मूल जन्माला यायच्या आधीच संशयित ठरले. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण शब्द विमुक्त झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. दुकानातल्या चोरीला मराठीत जो शब्द आहे, तोच एका जमातीचे नाव म्हणून तिच्या कपाळी मारलेला होता. पारधी वा उचले समाजाची बाई दुकानात शिरली की पहारेकरी तिच्या मागोमाग हिंडतो. तिला अडवण्यासाठी यंत्र वाजण्याची गरजच पडत नाही.

वास्तविक कायदा याच्या नेमका उलट आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचे चांगले चारित्र्य पुरावा म्हणून सांगता येते. वाईट चारित्र्य, आरोपीने स्वतः चांगुलपणाचा दाखला दिल्याखेरीज, सांगता येत नाही. जातीचा तर प्रश्नच उद्भवू नये. तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जो निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, यासाठी आधीच्या निर्णयांतली मार्गदर्शक तत्त्वे पाळण्याची आज्ञा पोलिसांना दिली आहे. ज्या शाखांच्या कार्यक्षेत्रात या समाजांच्या वस्त्या आहेत, त्यांनी या निकालाची प्रत ठाणेदाराच्या टेबलावर एकदा तरी ठेवावी.

नव्या कायद्यातली एक तरतूद वरकरणी गरिबांच्या हिताची वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी सावधगिरी हवी. न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी असे म्हटले आहे. हा प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र धरलेला आहे. पाच शिलिंगांना फाशी देणाऱ्या जगापासून माणूस किती पुढे आला, असे कोणालाही वाटेल, आणि ते खोटेही नाही. पण व्यवहारात काय होते? न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणीतरी बाईला सांगतो, ‘कबूल करून टाका, तुरुंग नाही, दंड नाही, चार दिवस दवाखान्याचे आवार झाडले की मोकळ्या.’ बाईचा रोज बुडत असतो. चार तारखा घेण्यापेक्षा कबुली स्वस्त पडते. वीस हजार रुपयांपर्यंतच्या चोरीचे खटले संक्षिप्त पद्धतीने चालतात, त्यामुळे हे सारे अर्ध्या तासात आटोपते. आणि केलेल्या नसलेल्या चोरीबद्दल ती दोषी म्हणून नोंदली जाते. त्याच कलमातले आधीचे शब्द व्हरांड्यात कोणी वाचून दाखवीत नाही: याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष, आणि पाच वर्षांपर्यंत, सक्तमजुरी व दंड. ज्या बाईवर दुकानदाराची नजर एकदा बसली, तिच्यावर दुसरा आळ यायला वेळ लागत नाही. सवलत म्हणून दिलेली पहिली शिक्षा दुसऱ्या वेळच्या तुरुंगाची पायरी होऊन बसते.

शिवाय फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदवली आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठी कलम ३०५ आहे, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. त्या कलमात पाच हजारांची सवलत नाही. साबणाच्या वडीसाठी ३०५ लावले गेले की सारी उदारता कागदावर राहते. पण तेथेही पोलिसांनी सरसकट अटक करावयाची नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची आवश्यकता कारणांसह नोंदवावी लागते, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून स्पष्ट आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, हेही रात्री नऊ वाजता दुकानात पोचलेल्या कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे.

प्रकरण खरोखरच मिटवायचे असेल, तर कबुलीपेक्षा चांगला मार्ग कायद्यातच आहे. कलम ३०३ चा गुन्हा मालाच्या मालकाला आपसांत मिटवता येतो, आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. समाजसेवेच्या शिक्षेत नाव दोषींच्या यादीत जाते, तडजोडीत जात नाही. हा फरक सांगणारा वकील मिळाला पाहिजे, आणि तो मिळवण्यासाठी पैसे लागतातच असे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला जोडावा लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात या समितीची खोली असते. तेथे वस्तीतले लोक पोचत नाहीत, कारण ती खोली कोठे आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

खटला लढवायचा ठरला, की पहिली धाव चित्रणाकडे. कॅमेऱ्यातली नोंद बहुतेक दुकानांत काही दिवसांनी आपोआप पुसली जाते. दुकानदार आपल्या सोयीचे वीस सेकंद जपून ठेवतो. काउंटरवर तिने चार वस्तू उघडपणे काढून ठेवल्या, पैसे मोजले, तो भाग पुसला जातो. म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानाला आणि ठाण्याला लेखी अर्ज द्यावा की, बाई दारातून आत आल्यापासून पोलिस येईपर्यंतचे संपूर्ण चित्रण जतन करावे, आणि त्या अर्जाची पोच घ्यावी. चित्रणाची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे २०२० मध्ये ज्या अपिलात पक्के केले, ते जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतले होते. पुढाऱ्यांच्या भांडणातून गरिबाच्या उपयोगाचे काही निघते ते असे. पावती जपावी. त्या दिवशीचा पगार मिळाल्याची नोंद असेल तर ती शोधावी, कारण खिशात पैसे असताना पिन चोरण्याचे कारण काय, हा प्रश्न न्यायाधीशाच्या मनात उभा करता आला पाहिजे. ज्या चार घरी ती दहा वर्षे तिजोरीच्या खोलीत केर काढते, त्या घरच्या एका तरी मालकिणीला साक्षीला आणावे. पार्लमेंटचे सभासद तिला मिळणार नाहीत. पण घराची किल्ली जिच्या हाती विश्वासाने दिली जाते, तिच्या सचोटीचा दाखला त्यांच्याहून मोलाचा आहे. मालकीण न्यायालयात येईल का, हा मात्र प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी आळ आल्याची बातमी कळताच कामावरून काढले जाते.

आणखी एक टप्पा असा आहे की जो जवळजवळ नेहमी वाया जातो. फिर्यादीचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक गोष्ट विचारून त्याचे म्हणणे नोंदवतात. पूर्वीच्या संहितेतले हे कलम ३१३, आता ३५१. शपथ नसते, उलटतपासणी नसते. १८०० साली ली-पेरोबाईंनी जे निवेदन केले, त्याचीच ही येथील आवृत्ती. पण वकिलाने घाईत पढवल्याप्रमाणे आरोपी प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ म्हणत जातो. ‘तुमच्या पिशवीत पिन सापडली?’ ‘खोटे आहे.’ आणि चित्रणात ती पिन सापडताना स्पष्ट दिसते. त्या एका उत्तराने तिचा खरा खुलासा, की टोपली नव्हती, पिशवीत टाकली, तळाशी राहिली, कायमचा बुडतो. कार्यकर्त्याने आदल्या संध्याकाळी तिच्याजवळ तासभर बसावे. उत्तरे पढवू नयेत, तसे करणे घातकही आहे आणि अनीतीचेही. तिने जे घडले ते तिच्याच बोलीत, क्रमवार सांगावे, आणि काय आठवत नाही तेही सांगावे, एवढाच उद्देश असावा. घाबरलेल्या माणसाला आपली खरी हकीकतही सलग सांगता येत नाही.

आणि तिने खरेच पिन घेतली असेल तर? हा प्रश्न कार्यकर्त्यांना छळतो, आणि छळावा. त्याचे उत्तर मागच्या खोलीत शोधायचे नसते. खोटी साक्ष उभी करणे हे चळवळीचे काम नव्हे. पण आरोप सिद्ध करणे हेही तिचे काम नव्हे, ते फिर्यादीचे आहे. दोषी माणसालाही कोंडून ठेवण्याचा, दहापट वसुलीचा, नागवे करण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. वकिलाजवळ तिने खरे सांगावे, आणि तडजोड, समाजसेवा की खटला, हे मग दोघांनी ठरवावे.

शेवटी अब्रूचा प्रश्न. न्यायालयातून सुटल्यावर ती परत मिळते का? अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात डिसेंबर १९७२ मध्ये पोलिसप्रमुखांनी ‘सक्रिय दुकानचोर’ अशा मथळ्याचे एक पत्रक सुमारे आठशे व्यापाऱ्यांना वाटले. त्यात एडवर्ड डेव्हिस या वृत्तछायाचित्रकाराचेही छायाचित्र होते. त्याच्यावर १९७१ साली असा आरोप आला होता. त्याने तो नाकारला होता आणि दोष सिद्ध झालेला नव्हता. पत्रक निघाल्यावर थोड्याच दिवसांत आरोप रद्दही झाला. पण वरिष्ठाने त्याला बोलावून समज दिली, दुकानात शिरण्याची त्याला भीती वाटू लागली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ साली हरला. नुसत्या अब्रूच्या हानीने राज्यघटनेतल्या हक्काचा भंग होत नाही, असे बहुमताने ठरवले. या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका सुदैवाने वेगळी आहे: कलम २१ मधल्या जीविताच्या हक्कात प्रतिष्ठेचा अंतर्भाव होतो, हे त्याने २०१६ च्या निकालातही मान्य केले आहे.

लुईव्हिलच्या पोलिसांना पत्रक छापावे लागले होते. आज व्यवस्थापक चित्रणातला एक चेहरा भ्रमणध्वनीवरून बाजारपेठेतल्या साऱ्या दुकानदारांच्या गटात टाकतो, त्याला एक मिनिट लागते. पोलिसांकडे सद्भावनेने तक्रार करणे ही बदनामी नव्हे, असा अपवाद कायद्यात आहे. पण भिंतीवर वा गटात चोर म्हणून छायाचित्र लावणे त्या अपवादात बसणे कठीण आहे, आणि न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. बाईला ती दाद मागायची नसते. तिला ते छायाचित्र काढून टाकलेले हवे असते, कारण मुलीची शाळा त्याच रस्त्यावर आहे. तेव्हा चित्रण जतन करण्याच्या अर्जातच हीही मागणी लिहावी, आणि तो अर्ज दुकान उघडण्याच्या वेळी, दोघातिघांनी बाईला बरोबर घेऊन, पुढच्या दाराने आत जाऊन द्यावा.